शेठच्या ताटातलं जिताड्याचं डोकं

आते, तुझ्या तेराव्याला मी यार्डवाल्या शेठला जेवायला बोलावलं. निरोप पाठवला नाही, स्वतः गेले. बाबांना वाटलं, पोरगी समजूतदार झाली. गोमा नाखवा सगळ्या पाड्याला सांगत फिरला, "आतेचा शबूद राखतेय पोर." मी कुणालाच काही सांगितलं नाही. तुला ठाऊकच आहे, मी गप्प बसले की लोकांना ते आवडतं. माझ्या गप्प बसण्यात त्यांना हवं ते त्यांना ऐकू येतं.

तुझ्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून मी त्याला बोलावलं नव्हतं. तुझ्या शांतीचा विचार मी अजून केलेलाच नाही, खोटं कशाला बोलू. मला त्याचा हात बघायचा होता. त्याच्या ताटात आपल्या खाडीचा जिताडा वाढल्यावर तो हात ताटाकडे जातो की मागे येतो, एवढंच.

तू गेलीस त्याला आज एकवीस दिवस झाले. लोक येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात, चहा पितात. कोपरच्या बाजारातल्या तुझ्या शेजारणी आल्या होत्या. त्यांनी तुझी बसायची जागा अजून रिकामी ठेवली आहे. मी मान हलवत होते. त्यांच्यापैकी एकीलाही सांगता आलं नाही की माझं तुझ्याशी भांडण चालू आहे, आणि भांडण अर्धवट टाकून माणूस निघून गेलं की उरलेल्याने काय करायचं असतं.

मी चार वर्षांची असताना आई गेली आणि तू मला ओहोटीच्या चिखलात घेऊन गेलीस. रडणाऱ्या मुलीला दुसरीकडे कुठे न्यायचं, हे बहुतेक तुला सुचलं नसेल. पोटरीपर्यंत चिखल, पुढे तू, मागे मी. तुझ्या पायाच्या खड्ड्यात माझा पाय टाकायचा, म्हणजे रुतायला होत नाही. निवट्या, ते चिखलातले बोटभर मासे, चिखलावर सरपटत पळायच्या आणि मी रडायचं विसरले. तू बिळात कोपरापर्यंत हात घालून चिंबोरी बाहेर काढलीस आणि विचारलंस, "ही काय खाते, सांग." मी म्हटलं, भात. तू इतकी हसलीस की चिंबोरी हातातून निसटली.

मग तू मला ते म्हणायला शिकवलंस. चिखलातल्या किड्याला कोलंबी खाते. कोलंबीला नि बोईटाला जिताडा खातो. जिताडा आपण खातो. "आनि आपल्याला कोन खातं?" मी विचारायचे. "आपल्याला? तुझी शाला," असं तू म्हणायचीस, कारण मला ठाण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घालायचं तूच ठरवलं होतंस आणि त्याचा त्रासही तूच काढत होतीस.

एम.एस्सी.ला आमच्या सरांनी फळ्यावर हाच त्रिकोण काढला. खाली चिखल, वर छोटे जीव, त्यावर मासे, टोकाला मोठा मासा, पक्षी, माणूस. एक गोष्ट मात्र तुझ्या त्रिकोणात नव्हती. काही विषं अशी असतात की ती पाण्यात विरघळत नाहीत. ती चिखलाला चिकटतात आणि अंगात गेली की चरबीत जाऊन बसतात. शरीर त्यांना सहज बाहेर टाकू शकत नाही. किड्यात थोडं, असे कितीतरी किडे खाणाऱ्या कोलंबीत जास्त, आणि वर्षानुवर्षं कोलंब्या नि बोईट खाणाऱ्या जिताड्यात सगळ्यात जास्त. सर म्हणाले, टोकाला बसलेल्याला सगळ्यांचं मिळून येतं. बाकीच्या मुली वहीत उतरवून घेत होत्या. मला टोकाला तू दिसत होतीस, पाटावर बसलेली, जिताड्याच्या डोक्याचं हाड चोखणारी.

यार्ड आलं तेव्हा मी नववीत होते. आपल्या खळ्याला लागून, जिथे तू बोंबील आणि जवळा वाळत घालायचीस त्याच्या पलीकडे, पत्र्याचं कुंपण पडलं. आधी जुने रेडिओ, मग टीव्ही, टेलिफोन एक्स्चेंजची बोर्डं, नंतर नंतर बंदरावरून ट्रकने येणारे परदेशी कॉम्प्युटर. पाड्यातली आठ पोरं तिथे कामाला लागली. मासळी आधीच कमी झाली होती. वरच्या कारखान्यांच्या पाण्याने खाडीला कधी लाल, कधी हिरवा रंग यायचा. मग यार्ड आलं तेव्हा सगळ्यांना ते बरंच वाटलं.

तिथे प्लॅस्टिक कसं ओळखतात हे मी खळ्यातून बघायचे. तुकडा हातात धरायचा, लायटर लावायचा. पेटत राहिला तर चांगला माल, दाणा करायला जाणार. पेटला आणि लायटर बाजूला केल्यावर आपोआप विझला तर तो वाईट, तो कुणी घेत नाही. त्याचा ढीग खाडीच्या कडेला. ढीग फार वाढला की टायर टाकून, रॉकेल ओतून त्यालाही जळायला लावायचं, आणि राख भरतीच्या पाण्यात लोटून द्यायची.

तो आपोआप का विझतो, हे मला फार उशिरा कळलं. टीव्ही गरम होऊन घराला आग लागू नये म्हणून त्याच्या प्लॅस्टिकमध्ये आग विझवणारं एक रसायन घालतात. कुणाच्या तरी दिवाणखान्यात ते इमानदारीने काम करतं. मग टीव्ही जुना होतो, भंगारात जातो, आपल्या खाडीवर येतो, आणि जे जळू नये म्हणून बनवलेलं त्याला शेठ जाळतो. युनिव्हर्सिटीच्या वाचनालयात मी वाचलं की थंड देशांतल्या माशांमध्ये, पक्ष्यांच्या अंड्यांमध्ये ही रसायनं सापडली आहेत, चरबीत बसलेली. आपल्या खाडीचं काहीच लिहिलेलं नव्हतं. आपली खाडी कुणी तपासलीच नव्हती. अजूनही नाही.

हे वाचलं त्या दिवशी मी घरी आले आणि तू माझ्यासाठी डोकं आणि गाबोळी राखून ठेवली होतीस. जिताड्याच्या अंड्यांची गाबोळी, तेलाने चमकणारी. परीक्षेला बसलेल्या मुलीला द्यायचा घास.

मी म्हणाले, "मला नको. वास येतो."

आते, मी एवढंच म्हणाले. तीन वर्षं एवढंच म्हणत राहिले. वास येतो. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुला वाटलं, कॉन्व्हेंटची मुलगी आता कोळणीच्या घरी नाक मुरडायला लागली. तू रागावली नाहीस. हसून म्हणालीस, "तुज्या इंग्लिशमध्ये जिताड्याला काय म्हनतान गो?" मी म्हटलं, सी बास. "बास? मना तर कवाच बास नाय झाला." आणि डोकं तू स्वतःच्या ताटात घेतलंस. गाबोळीही. टाकून कशी देणार? त्या दिवसापासून माझ्या वाटणीचं सगळं तू खाल्लंस.

मी का सांगितलं नाही? पुष्कळ कारणं होती. तू आणि तुझ्या शेजारणी त्याच खाडीची मासळी विकत होतात. बाजारात एकदा शब्द फुटला असता तर पाट्या तशाच परत आल्या असत्या. शिवाय माझ्याजवळ पुरावा नव्हता, दुसऱ्या देशाचे दोन कागद होते. पण ही सगळी कारणं मी नंतर शोधली. खरं कारण हे की मला मोठ्याने बोलता येत नाही. वर्गात येत नव्हतं, घरात येत नव्हतं. तोंडात वाक्य तयार असायचं आणि समोरचा दुसरंच काही बोलायला लागायचा.

एकदाच बोलले. गेल्या वर्षी, तू शेठला खळं द्यायचं कबूल करून आलीस त्या संध्याकाळी.

"तुला कळतंय का तू काय दिलंस?" मी म्हणाले. "तो तिथेही जाळणार."

"खल्यात वालवायला मासली कुठं हाय? कावले वालवू काय?"

"आते, त्या राखेत विष आहे. ते माशात जातं."

तू टोपलीवरचा चिखल घासत होतीस. तो घासायचा थांबवलास. "आमी पिढ्यान् पिढ्या खाल्ली. दिवसाला दोनदा भरती येते, खारी धुऊन जाते. तू कॉलेजात गेलीस नि आमची खारी इखारी झाली?"

"ते धुऊन जात नाही. चिखलातच राहतं."

"मंग माज्या अंगात बी हाय म्हन की."

मी हो म्हणायला हवं होतं. वाक्य तयार होतं. मी खाली बघितलं, आणि तू म्हणालीस, "शबूद दिलाय पोरी. माजा शबूद तू मोरशील?" तिथे आपलं भांडण थांबलं. ते तिथेच आहे.

कारण तू नुसतं तोंडाने बोलून आली नव्हतीस. आपल्या पाड्याची रीत आहे, कागद नव्हते तेव्हापासूनची. होडी द्यायची, जाळं लावायची जागा द्यायची, मुलगी द्यायची, काहीही द्यायचं तर देणाऱ्याने जिताडा पाठवायचा आणि घेणाऱ्याने तो आपल्या घरी शिजवून खायचा. डोकं घरच्या कर्त्याने खायचं. खाल्ला की शब्द पक्का, मग कुणाचा बाप मोडू शकत नाही. तू दर मोसमाला शेठला जिताडा पाठवायचीस, तो पाड्यातल्या पोरांना काम देतो म्हणून. खळ्याचा शब्द दिलास त्या दिवशीही पाठवलास, त्या वर्षीचा सगळ्यात मोठा. मी पाहिलाय तो. त्याचे डोळे काचेसारखे होते.

त्याने तुला टीव्ही दिला. त्याच्याच यार्डात दुरुस्त केलेला, रंगीत. तू त्याला रोज पदराने पुसायचीस. तुझ्या मानेत गाठ आली, ती वाढली आणि गिळायला त्रास व्हायला लागला तेव्हा त्यानेच स्वतःच्या गाडीने तुला ठाण्याला नेलं. मागच्या सीटवर मी तुझा हात धरून बसले होते आणि पुढे तो, एसी कमी करू का विचारत होता. मला त्याच्या मानेकडे बघावं लागत होतं. जाड, स्वच्छ, पावडर लावलेली मान. मला वाटलं होतं, उपकार केल्यावर तरी याच्याबद्दलचा तिरस्कार कमी होईल. झाला नाही. उलट तिरस्काराला बसायला जागा मिळाली.

डॉक्टर म्हणाले, मानेतली अशी गाठ कशानेही होऊ शकते. मी विचारलं, खाण्यातून? ते म्हणाले, सांगता येणार नाही. म्हणजे हो नाही, आणि नाहीही नाही. मी हे लिहितेय तेव्हा मला नीट ठाऊक आहे की तुला शेठने मारलं असं मला कोर्टात उभं राहून म्हणता येणार नाही. मला फक्त एवढं ठाऊक आहे की तो जाळत होता आणि तू खात होतीस, आणि या दोन गोष्टींच्या मधल्या सगळ्या पायऱ्या मला पाठ होत्या.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी शेठचा ड्रायव्हर भेटायला आला. त्याला तू चांगला माणूस म्हणायचीस, आणि तो आहेच. ओटीवर बसला, डोळे पुसले, म्हणाला, "आते के हाथ का मासा आता कुठे खायला मिळणार."

मी विचारलं, तुम्हाला कधी दिला होता?

"शेठला पाठवायची ना, तो मीच घरी नेलेला दरवेळी. शेठ लोक खाडीचं खात नाय. मॅडमने तर गाडीतून उतरवायलाच मना केलेलं. बोलले, तू ले जा, इस पानी का हम नहीं खाते." मग तो थोडं हसला. "माझ्या पोरींना डोकं लई आवडायचं."

मी आत गेले आणि मोरीत उभी राहिले. पाणी सोडलं, आवाज यावा म्हणून. शेठला ठाऊक होतं, आते. त्या राखेत काय आहे त्याचं नाव त्याला येत नसेल, माझ्यासारखे कागद त्याने वाचले नसतील, पण काय खायचं नाही हे त्याला बरोबर ठाऊक होतं. तू दोन्ही हातांनी उचलून दिलेला मासा हसून घ्यायचा आणि कोपऱ्यावर वळल्यावर नोकराच्या हातात द्यायचा. इतकी वर्षं. त्याच्या घरात ते गेलं नाही, दुसऱ्या दोन मुलींच्या पोटात गेलं.

तेव्हापासून मी रोज त्याचं वाईट चिंतलं. देवासमोर नाही, देवाला मध्ये कशाला घ्यायचं. ओटीवर बसून, तांदूळ निवडताना, उघड्या डोळ्यांनी. त्याने लोटलेला राखेचा कण न् कण उलट वाटेने त्याच्या ताटात यावा. त्याच्या तुपात, त्याच्या दुधात. मग त्याची मुलगी आठवायची, माझ्याच शाळेत दोन वर्षं मागे होती, दोन वेण्या घालायची. तिच्यापर्यंत नको, मी म्हणायचे, फक्त त्याच्यापर्यंत. पण विषाला असा पत्ता देता येत नाही. खाडीने ते मला आधीच शिकवलं होतं. ज्याला पत्ता देता येतो असं काहीतरी मला हवं होतं.

खळं तू माझ्या नावावर करून गेलीस. बाबा म्हणाले, तेराव्यानंतर सही करून टाकू. "तिचा शब्द आहे. आणि आठ पोरं आहेत तिथे, त्यांचाही विचार कर." मी म्हटलं, तेराव्याला शेठना बोलावते. आणि गोमा नाखव्याला सांगितलं, मला एक जिताडा हवा. तो म्हणाला, आता कुठे मिळतो. पण तुझ्यासाठी दोन रात्री जाळं टाकून बसला आणि घेऊन आला.

जेवणावळ ओटीवर आणि खळ्यात मांडली. तेराव्याला मासळी खाऊन दुखवटा सोडायचा, म्हणून बाकीच्यांना बाजारातून आणलेली सुरमई होती. जिताडा एकच होता आणि त्याचं डोकं मानाच्या पाहुण्याला. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मी स्वतः वाढलं.

शेठ म्हणाला, "अरे वा." आणि भाकरीचा तुकडा सुरमईच्या रश्शात बुडवला.

मी समोर उभी राहिले. तो रस्सा खात होता. सुरमईची तुकडी संपवली, दुसरी मागितली. बाजूचे लोक त्याच्या ताटाकडे बघायला लागले. गोमा नाखवा म्हणाला, "शेठ, डोकं थंड होतंय."

"हो, हो. डॉक्टरने मासे जरा कमी करायला सांगितलेत."

"सुरमई काय झाडाला लागते?" कुणीतरी मागून म्हणालं आणि बायका हसल्या.

शेठही हसला. "नाही, काटे फार असतात त्यात. मला सवय नाही."

"दर साली खातंस नि सवय नाय?" गोमा नाखव्याने हसतच विचारलं. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं.

शेठने माझ्याकडे बघितलं. त्याला काय दिसलं कोण जाणे, पण तो एकदम गोड झाला. "बेटा, तू खा ना. तुझ्या आतेचं आवडतं. आज तिच्या नावाने तूच खा."

आते, ते मी ठरवलेलं नव्हतं. मी त्याच्या ताटासमोर खाली बसले आणि डोकं उचलून माझ्या ताटलीत घेतलं. तीन वर्षं तुझ्या हातून जे घेतलं नाही ते त्याच्यासमोर खाल्लं. गालाचं मांस, डोळ्यामागची चरबी, सगळं. वास येत नव्हता. कधीच येत नव्हता. चव तशीच होती, तू करायचीस तशी, कारण मसाला तुझ्याच डब्यातला होता. अर्धं खाल्लं आणि ताटली त्याच्याकडे सरकवली.

"आता तुमी," मी म्हणाले.

मोठ्याने म्हणाले. खळ्यातल्या लोकांनीसुद्धा ऐकलं. त्याने घड्याळ बघितलं. हात मागे आला, मांडीवर गेला, रुमालात गेला. तोच हात बघायला मी जगत होते गेले आठ दिवस.

मग मी वळून ड्रायव्हरला विचारलं. तो शेवटच्या पंगतीत बसला होता. "आते पाठवायची ते जिताडे कुणी खाल्ले?" त्याने मान खाली घातली. त्याला मी आधी काही सांगितलं नव्हतं, त्याच्या मर्जीचा विचारही केला नव्हता. मग तो म्हणाला, "मी. मी नेले घरी." आणि मग, जणू शेठला वाचवायला, "ते लोक खाडीचं खात नाय ना."

गोमा नाखवा भाकरी खाली ठेवून उठला. "एकबी नाय खाल्ला?"

शेठ रुमालाने हात पुसत राहिला.

"मंग शबूद कसला?" तो पाड्याकडे वळून म्हणाला. "आतेनं दिला, यानं घेतलाच नाय. ज्या मासलीवर आपली पोरं मोठी झाली ती याच्या घरात चालत नाय, नि खलं चालते?"

शेठ म्हणाला, असं नसतं, रीतीभाती ठीक आहेत, पण व्यवहार व्यवहार असतो. तो बरंच काही बोलला. बायका पंगतीतून उठल्या, एक एक करून, ताटं हातात घेऊन, आणि मग त्याच्यासमोर फक्त मी उरले आणि ते अर्धं डोकं. मी म्हटलं, "सही नाही करणार." एवढं मोठं काही मी आयुष्यात बोललेले नाही.

तुला राग येईल, हे मला ठाऊक आहे. पाहुण्याला जेवायला बोलावून पंगतीत उघडा पाडणं तुझ्या रक्तात नव्हतं. तू त्याला खाजगीत शिव्या घातल्या असत्यास आणि जाताना वाटेसाठी भाकरी बांधून दिली असतीस. मी तुझ्यासारखी नाही. बाबा माझ्याशी चार दिवस बोलत नव्हते, आता गरजेपुरतं बोलतात. ड्रायव्हरची नोकरी गेली. त्याच्या घरी मी गेले होते. त्याने चहा दिला, रागावला नाही. म्हणून तिथे बसणं अजून कठीण झालं. त्याच्या मुलींना जवळ घेऊन मी सगळं सांगितलं, चिखलापासून टोकापर्यंत, जे तुला सांगायला हवं होतं ते. धाकटीने विचारलं, मग आता आमचं काय होणार? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. निदान ते तरी खरं बोलले.

यार्डातल्या पोरांपैकी दोघांना काढून टाकलं. एकाच्या आईने मला तोंडावर विचारलं, "तुजा सूड झाला, आमच्या चुलीचं काय?" तरी मी मागे जाणार नाही. मला आता फक्त खळं वाचवायचं नाही. मला त्या माणसाला सुखाने झोपू द्यायचं नाही.

त्याने ढीग पलीकडे हलवला आहे. अजून जाळतो. मी प्रदूषण मंडळात तक्रारीचा अर्ज दिलाय, माझ्या नावाने, माझ्या सहीने. साहेबांनी विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, चिखल घेऊन जा, जिताडा घेऊन जा, तपासा. ते म्हणाले, अशी तपासणी इथे होत नाही. मी म्हटलं, मग मी परत येईन. गेले. पुन्हा जाणार आहे.

रोज संध्याकाळी मी खळ्यात उभी राहते, जिथून त्याच्या गेटमधून निघणारी गाडी दिसते आणि गाडीतून मी दिसते. काही करत नाही. घोषणा देता येत नाहीत मला. नुसती उभी असते. काल गाडी थांबली. त्याने काच खाली केली आणि अगदी मायेने म्हणाला, "बेटा, इथे कशाला उभी राहतेस? धूर लागतो, तब्येत बिघडेल."

मी म्हणाले, "काय आहे त्या धुरात, शेठ?"

मग काच वर गेली, हळूहळू, आणि गाडी निघाली. आते, मी हलले नाही.